रस्त्याचे दगड

ज्या रानात सिरोंका जन्मला, त्याच रानात पाहुण्यांना घेतल्याशिवाय शिरायला त्याला बंदी होती. तो सहा वर्षांचा असताना सरकारने ते रान जनावरांसाठी राखलं. मासाईंची गुरं-माणसं हद्दीबाहेर गेली. मागे राहिला तो त्याच्या बापावरचा दगडांचा ढीग. साधं माणूस मेलं की तेव्हा माळावर तरसांसाठी ठेवत; दगडांखाली पुरत ते थोरांनाच. जाणाऱ्या-येणाऱ्याने त्या ढिगावर एक दगड टाकायचा, ही रीत.

त्या ढिगाजवळून जाता यावं म्हणूनच सिरोंका सफारीच्या तळावर ड्रायव्हर झाला. गाडीतून उतरायची सक्त मनाई, म्हणून तिथे आलं की तो गाडी हळू करी आणि खिडकीतून एक खडा टाकी. पाहुण्यांना वाटे, माकडं हाकलतोय.

पहिल्याच वर्षी शेजारी बसलेल्या तळाच्या मॅनेजरने, मुतुआने, विचारलं, हा ढीग कसला? मुतुआ कांबा जमातीचा, दुसऱ्या मुलखातला. समाधी आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न नावाचा. आणि मेलेल्याचं नाव मासाई तोंडातून काढत नाही. सिरोंका बोलून गेला, "रस्तेवाल्यांचे उरलेले दगड असतील."

ते बोलणं तिथे संपायला हवं होतं. पण मुतुआने ते इतर ड्रायव्हरांना सांगितलं, आणि पुढे तळाच्या नकाशावरही ती खूण 'रस्त्याचे दगड' म्हणूनच आली. सिंहीण रस्त्याच्या दगडांपाशी बसलीय, असं वायरलेसवर सव्वीस वर्षं सिरोंका ऐकत आला. मध्येच खरं सांगायचं म्हटलं तरी नाव आडवं येई.

यंदा मोठ्या पावसात तळ बंद होता. तो उघडल्यावर सिरोंकाची एकच फेरी उरली होती. त्या सकाळी त्याने गोठ्याच्या दाराशी पडलेला नारळाएवढा दगड उचलला. बायको नोलारी म्हणाली, "आज खाली उतरून हाताने ठेव. काढून काढून काय काढतील, नोकरीच आज संपतेय."

त्यानेही तेच ठरवलं होतं.

वळण आलं, बाभळ आली, पण ढीग नव्हता. पुढचा रस्ता मात्र ताज्या मुरमाने सपाट झाला होता. मागे बसलेली म्हातारी पाहुणी म्हणाली, चला, एकदाचे धक्के थांबले.

त्याने वायरलेसवर विचारलं, "मुतुआसाहेब, इथले दगड?"

"खड्ड्यांत भरले, वर मुरूम टाकला. तूच म्हणाला होतास ना म्हाताऱ्या, रस्त्याचे आहेत? लागले रस्त्याला."

सिरोंकाने गाडी तिथेच उभी केली. पाहुणे कुजबुजायला लागले, तेव्हा टायर बघतो असं सांगून तो उतरला आणि रस्त्याच्या मधोमध तो दगड ठेवून आला. गाडी पुढे काढताना त्याने चाकं शक्य तितकी कडेच्या गवतातून नेली.

दुपारी परतताना मुतुआचा आवाज आला, "सिरोंका, नव्या रस्त्यावर कुणीतरी धोंडा टाकलाय. ड्रायव्हर कोइनेतची गाडी आपटली. येता येता उचलून टाक."

"बरं," सिरोंका म्हणाला. त्याने गाडी थांबवली आणि दगड उचलला. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं ते त्याचं शेवटचं काम.