सहा वाजताची यादी

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते जिनिंगमधल्या कापसाच्या तंतूंसारखे अंगाला चिकटून घरी येतात. बायको झटकते, तरी दोन-चार राहतातच!

नव्वद सालानंतर काही वर्षं मी आंध्रातल्या, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या भैंशाच्या एका जिनिंग मिलमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. प्रोग्राम लिहायची शैलजा. निर्मल गावची. आजोबा निझामाच्या काळात कचेरीत पेशकार होते, हे ती ओळख होताच सांगायची. मॅनेजर रमणराव, करीमनगरकडचे तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलायचे. आणि गेटवर गंगाराम.

हंगामात सरहद्दीवरच्या बारा गावांतून कापसाच्या गाड्या यायच्या. कोणत्या गावानं आधी वजनकाट्यावर जायचं, यावरून गेटवर रोज हाणामारीची वेळ. म्हणून शैलजानं एक प्रोग्राम लिहिला. सकाळी सहा वाजता मशीननं स्वतःच सुरू व्हायचं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं लावायची आणि यादी छापायची. कोणाचा हात नाही, म्हणून कोणाचा वशिला नाही!

*

आदल्या दिवशी तो प्रोग्राम आम्ही हातानं पाच वेळा चालवला. पाचही वेळा झकास!

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. प्रिंटर गप्प. गेटवर चाळीस गाड्या.

"क्या हुआ, शैलजा?" रमणराव.

"सर, काल तर चालत होतं!"

हे वाक्य आम्ही पुढं इतक्या वेळा ऐकलं, की तिची ती सहीच झाली. पण बाई घाबरणारी नव्हती. मशीनचे निरोप उघडून बसली आणि दहा मिनिटांत हसायला लागली. "अहो, आपण लॉगिन केलं की कोणती वस्तू कुठं ठेवलीय ते मशीनला कळतं. घड्याळानं सुरू केलेल्या प्रोग्रामला ते कोणी सांगतच नाही. त्याला कमांडच सापडेनात!"

गंगाराम दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे नवा जावई सासरी आला, अन् न्हानी कुठं हाये थे कोणी सांगतलंच नाई. बिचारा बसला तसाच!"

शैलजानं प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहिला. तेव्हापासून आमच्याकडं या दुरुस्तीला 'जावयाला न्हानी दाखवणं' असंच म्हणत.

*

मग यादी रोज छापून यायला लागली. आम्ही खूश. आमच्यापेक्षा महादू पाटील खूश!

कारण सलग चार दिवस त्याचंच गाव पहिलं. चौथ्या दिवशी तो उपरण्यात हुरडा बांधून थेट कॉम्प्युटर रूममध्ये आला. "यंत्राले माणूस वळखू येते बरं!"

बाकीची अकरा गावं मात्र पेटली. पंधरावीस माणसं शैलजाच्या टेबलाभोवती. "काऊन ताई, तुमचं सासर त्या गावचं हाये का?"

वशिला नको म्हणून आणलेल्या मशीनवर वशिल्याचा आळ! तिचा चेहरा उतरला, पण जागेवरून उठली नाही. टर्मिनल लोकांकडं फिरवला आणि सगळ्यांसमोर शोधू लागली. निघालं काय? घड्याळानं चालवलं की प्रोग्राम वेगळ्याच जागी उभा राहून काम करायचा. नवी यादी तिथं लिहायचा आणि छापायचा मात्र जुन्या जागेवरची, आम्ही हातानं काढलेली शेवटची यादी. तीच ती, रोज!

तिनं ते तिथल्या तिथं दुरुस्त केलं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विश्वास बसला.

पाचव्या दिवशी महादू पाटलाचं गाव बारावं. पाटील खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "काऊन वो ताई, हुरडा कच्चा होता का?"

*

हा माझा पराक्रम. वेळ लिहिताना मिनिटाच्या जागी शून्य हवं होतं, मी ठोकली चांदणी, म्हणजे 'कोणतंही मिनिट'. मशीननं अर्थ काढला, सहा ते सात दर मिनिटाला.

साठ याद्या! प्रत्येकीत क्रम वेगळा! मी प्रिंटरचं बटण बंद करेपर्यंत गंगारामनं निम्म्या वाटून टाकल्या होत्या. बाराही गावं पहिली!

"पयल्यांदाच," गंगाराम म्हणाला, "गेटवर कोणी नाराज नाई!"

*

एकदा शैलजानं काळजीपोटी प्रोग्राममध्ये एक प्रश्न घातला. 'जुनी यादी पुसू का? हो की नाही?' उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं.

हातानं चालवताना आम्ही 'हो' दाबायचो. सकाळी सहाला कोण दाबणार? मशीन विचारतच राहिलं. प्रत्येक प्रश्न मशीनच्या टपालात जमा झाला आणि आम्ही पोचेपर्यंत डिस्क काठोकाठ भरली. स्क्रीनभर एकच ओळ. हो की नाही? हो की नाही?

रमणरावांच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी मनापासून म्हणाले, "अरे, किसी ने तो 'हाँ' बोल दिया होता!"

*

आणि सेठजी आले तो दिवस. मिलचे मालक, हैदराबादला राहायचे. कॉम्प्युटर ठेवायचा की विकून पुन्हा रजिस्टर आणायचं, हे ठरवायला आले होते. विकला असता तर शैलजाची नोकरी गेली असती आणि माझीही.

"मैं खुद देखूँगा," ते आदल्या दिवशीच म्हणाले होते. "हाथ से चलाना है, तो रजिस्टर क्या बुरा है?"

सकाळी पावणेसहाला लाईट गेली! सहा वाजले, मशीन बंद. गेस्ट हाऊसवरून सेठजी निघाल्याचा निरोप आला. सहा वीसला लाईट आली, मशीन सुरू झालं. पण सहाची वेळ तर निघून गेली होती. चुकलेलं काम ते उद्यापर्यंत करणार नव्हतं.

मी शैलजाकडं धावलो. "हातानं चालव ना पटकन!"

"ते दारात आलेत," शैलजा म्हणाली. ती की-बोर्डवर वाकली, एकच ओळ मारली आणि हात मांडीवर ठेवून शांत बसली. तिनं मशीनचं घड्याळ मागं नेलं होतं. पाच अठ्ठावन्न!

सेठजी आत आले. कोणी कशाला हात लावला नाही. दोन मिनिटं गेली. मग प्रिंटर आपोआप कर्रकर्र करत चालू झाला. यादी बाहेर. वर छापलेलं, 'वेळ ६:००'. यादी दिसताच गंगारामनं सहाचा भोंगा दिला.

सेठजींनी मनगटाकडं पाहिलं. "मेरी घड़ी में छे पच्चीस हैं."

रमणराव छताकडं बघू लागले. मी जमिनीकडं.

शैलजा म्हणाली, "सर, मशीन तो छे बजे ही चलती है."

सेठजींनी यादी पाहिली, भोंगा ऐकला, मान हलवली आणि मनगटावरच्या घड्याळाचा काटा पंचवीस मिनिटं मागं केला. "रखो कम्प्यूटर," म्हणाले. चहा घेतला आणि सातची बस गाठायला निवांत निघाले.

अर्ध्या तासानं ते बॅग घेऊन परत आले. संतापलेले.

"बस टाइम से पहले छोड़ दिए! रमणराव, उन लोगों को बोलो, एक कम्प्यूटर रख लें!"