पाचव्या अध्यायानंतरचा माउथ ऑर्गन

नव्वदच्या दशकात कुवेतमधल्या अहमदी गावात आमच्या क्वार्टरमध्ये एक कॅसेट होती आणि तिच्यावर माझा जीव होता. साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश रिदम अँड ब्लूज बँडने रेडिओच्या स्टुडिओत, समोर लोक बसवून थेट वाजवलेली गाणी लंडनच्या एका केंद्राने एकदा पुन्हा ऐकवली होती. मी ती शॉर्टवेव्हवरून उतरवून घेतली. तेवढा वेळ घरात कुकर लावायला बंदी होती. या बँडच्या रेकॉर्डी बाजारात मिळायच्या, पण रेकॉर्डवर ही मंडळी फार शहाण्यासारखी वाजवतात. इथे गाणारा ओळ विसरतो, माउथ ऑर्गनवाला त्याला सांभाळून घेतो आणि लोक शिट्ट्या मारतात. मधली रेडिओची खरखरसुद्धा मला पाठ होती.

कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या वरचे प्लास्टिकचे तुकडे मी मोडून ठेवले होते. पण आमच्या बायकोचं माहेर पुण्याचं, तिला काही वाया गेलेलं सोसत नाही. मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली की कॅसेट परत वापरता येते, हे ज्ञान कुवेतमधल्या तमाम मराठी बायकांना होतं.

त्यातच आमचे गुरुजी कायमचे नाशिकला निघाले. गुरुजी म्हणजे शुऐब्याच्या रिफायनरीतले केमिकल इंजिनिअर, पण पोथी खणखणीत वाचायचे, म्हणून सगळ्यांच्या सत्यनारायणाला तेच. आता कथा कोण सांगणार? बायकोने त्यांना चहाला बोलावून पाचही अध्याय टेप करून घेतले. मी ड्यूटीवर होतो. तिच्या हाताला कोणती कॅसेट लागली ते सांगायला नको.

मला कळलं ते थेट पुढच्या पूजेत, टेप लावल्यावर. पाचवा अध्याय संपला, गुरुजी खाकरले, खट्ट झालं आणि इंग्रजांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. पाठोपाठ माउथ ऑर्गन. हात जोडून बसलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सगळ्या कार्यक्रमातलं शेवटचं एक गाणं तेवढं वाचलं होतं.

मी भांडलो. कडाडून भांडलो. "अहो, तुकडे मोडलेले दिसले, मला वाटलं टाकाऊ आहे," ती म्हणाली. बँड कधीच मोडला होता आणि गुरुजी नाशिकला पोचले होते. दोघंही पुन्हा हाती लागणार नव्हते.

कॅसेट देव्हाऱ्यात गेली आणि बायकोचा नियम आला: कथा अर्धवट ऐकायची नाही, पुढे पळवायची तर मुळीच नाही. कथेचा अनादर करणाऱ्यांचं काय होतं ते त्याच कथेत सांगितलंय. म्हणजे मला माझं गाणं ऐकायचं तर आधी आंघोळ आणि पाच अध्याय! ऐकले. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी ऐकले. साधुवाण्याची मला कीव येईनाशी झाली. अहमदीत माझ्याइतका भाविक माणूस नाही, असं लोक बोलू लागले.

पुढे एका पौर्णिमेला आमच्याकडे पूजा होती, घर भरलं होतं. पाचवा अध्याय संपला तशी मंडळी आरतीला उठू लागली आणि एका पाहुण्याने टेप बंद करायला हात पुढे केला. माझं गाणं राहणार होतं, पण चारचौघांत, देवासमोर, त्याला कुठल्या तोंडाने थांबवणार? तेवढ्यात बायको शिऱ्याचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "अजून संपलं नाहीये."

मंडळी निमूट बसली. माउथ ऑर्गन सुरू झाला. लंडनच्या शेवटच्या टाळ्या थांबेपर्यंत तिने आरती सुरू होऊ दिली नाही.