गळ्यातला चाकू

“ताई, पहिलं कुणाचं पोट फाडू? मोहोळचं का करमाळ्याचं?”

नोकरीचा पहिला दिवस. अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तेवढ्यात दारात उभं राहून मेंदी लावलेल्या दाढीच्या एका उंच, वाळक्या माणसानं मला हे विचारलं. हातात उघडा चाकू. चेहऱ्यावर भाव असा, की चहा घेणार का कॉफी. टॉवेल-चादरीच्या गोडाऊनमध्ये बिलं करायची साधी नोकरी म्हणून मी आले होते, आणि इथे तर पोटं फाडायचं चाललेलं! आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मान वर न करता म्हणाले, “मोहोळ फाडा. करमाळा ओलं आहे.”

दुपारपर्यंत उलगडा झाला. दुकानांत न खपलेला किंवा खराब निघालेला माल गावोगावाहून तरटात शिवून परत यायचा. ज्या गावाचा गठ्ठा, त्या गावाचंच नाव त्याला. गठ्ठा कडेनं उसवला तर आतल्या टॉवेलला पातं लागतं, म्हणून तो मधल्या शिवणीवर उघडायचा. यालाच आमच्या गोडाऊनमध्ये ‘पोट फाडणं’ म्हणत. ते काम दस्तगीरचाचांचं. महिन्याभरात मीही सरावले. “माळशिरस कोपऱ्यात मरून पडलंय, कुणी बघतसुद्धा नाही,” असं मी घरून फोनवर बोलत असे तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून जपमाळ जोरात ओढायच्या.

चाचांचा चाकू घडीचा होता. लाकडी मूठ, पितळी खिळे, पातं झिजून निम्मं झालेलं. विणकामातून उरलेल्या लाल सुताचा गोफ करून त्यांनी तो गळ्यात घातलेला असायचा, आणि तोही सदऱ्याच्या आत नाही, वर, छातीवर, लोकांना दिसेल असा. विजापूर वेशीजवळच्या आपल्या घरातून ते तसेच शेअर रिक्षानं अक्कलकोट रोडला यायचे आणि तसेच परत जायचे. चाकू गोडाऊनमध्येच ठेवून जायला काय होतं, असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की मी जणू त्यांना दात काढून ठेवून जायला सांगितलं होतं. चाकू त्यांच्या वडिलांचा होता आणि घरीही त्याला सकाळ-संध्याकाळ काम असायचंच.

तो कसा बाळगावा या विषयावर मात्र चाचा तासभर बोलू शकत. “पँटीच्या खिशात घातला तर रिक्षात बसताना मांडीला टोचतोय. आन् गर्दीत खिशात हात घालणारा माणूस कुणालाच आवडत न्हाय. शर्टाच्या खिशात ठेवला तर वाकलं की पडतोय.” तसा तो एकदा पडलाही होता. एका गठ्ठ्यात शिवला जाऊन माळशिरसला गेला, आणि तिथल्या दुकानदारानं “तुमचं पाहुणं परत पाठवतोय” अशी चिठ्ठी लावून पुढच्या मालाबरोबर रवाना केला. “कमरेला खोचावा तर सदरा वर करावा लागतोय. हितं शिलाईला बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर सदरा वर करू? तौबा! पट्ट्याला पाकीट लावून बघितलं, तर गल्लीतली पोरं मला भाई म्हणायला लागली की!”

मग गळा का, तर त्याचं उत्तर ठरलेलं. “झाकलं तर हत्यार, दाखवलं तर अवजार.” हे वाक्य ते इतक्यांदा ऐकवत की अण्णा त्यांच्या तोंडून अर्धं काढून घेत आणि उरलेलं तेलुगूत पूर्ण करत. अण्णा घरी तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

चाचांचा आणखी एक नेम होता. चाकू ते कधी कुणाच्या हातात देत नसत. मी दोरा कापायला मागितला की टेबलावर ठेवायचे, मग मी उचलायचा. परत देतानाही तसंच. “हातातून हातात दिला की भांडण लागतंय, ताई. आपल्यात भांडण नक्को.” ही समजूत माझ्या आजीचीही होती, पण चाचा ती कर वसूल करावा तशी पाळून घेत. एकदा घाईत मी हात पुढे केला, तर माझा हात तसाच लोंबकळत राहिला आणि ते छताकडे बघत बसले. मी चाकू टेबलावर ठेवला तेव्हाच त्यांनी मान खाली केली.

त्या सुमाराला एका मिरवणुकीवरून गावात दोन दिवस वातावरण तंग होतं. चौकाचौकात बंदोबस्त होता, पण बाजार चालू होता आणि गोडाऊनही. सकाळी अण्णांनी मला चाचांना फोन लावायला सांगितलं. यंत्रमागावर उमेदीची वर्षं गेल्यामुळे चाचांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते फोनचा स्पीकर लावत आणि स्वतः दुप्पट आवाजात बोलत. मी विचारलं, “चाचा, आज किती पोटं फाडायची? आधी कुणाचं?” तिकडून गर्जना झाली, “आधी मोहोळचं फाडतो, ताई! करमाळ्याला उन्हात टाकू! आन् माळशिरसवाला आला तर त्याचा बी आजच निकाल लावू की!”

चाचा तेव्हा शेअर रिक्षात होते आणि बरोबर आणखी माणसं होती. त्यांनी समोर काय पाहिलं असेल? दाढीवाला माणूस, छातीवर चाकू, आणि हे बोलणं. रिक्षावाल्यानं रिक्षा वळवली ती थेट पुढच्या चौकातल्या बंदोबस्तापाशी नेऊन उभी केली. चाचा म्हणे त्याला समजुतीनं सांगत होते, “अरे बाबा, हितं न्हाय, मला अक्कलकोट रोडला जायचंय.”

थोड्या वेळानं चाचांच्या नंबरवरून मला फोन आला. आवाज परका होता. “हे दस्तगीर तुमचे कोण? आणि माळशिरसवाला कोण?” मी “टॉवेल, टॉवेल” एवढंच म्हणत राहिले. शेवटी अण्णांनी फोन ओढून घेतला.

आम्ही पोलीस ठाण्यात पोहोचलो तेव्हा चाचा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. समोर टेबलावर चाकू होता आणि त्याला चिठ्ठी बांधली होती. चाचांच्या गळ्यात नुसता लाल गोफ राहिला होता, कुणीतरी मधूनच कापलेला. वास्तविक त्याला सरकगाठ होती, एक टोक ओढलं असतं तरी सुटला असता. मला पाहून ते उठू लागले आणि शिपायानं हातानंच ‘खाली बसा’ केलं. मी अशी हादरले की नमस्कार करायचंही सुचलं नाही.

अण्णांनी दोन्ही भाषांत सगळं सांगितलं. साहेब माणूस बरा होता, शांतपणे ऐकत होता, पण त्याला पटेना. “गठ्ठ्याला कोण मोहोळ म्हणतं?” शेवटी तो म्हणाला, मग आणा तुमचं मोहोळ. आणि खरंच, टेम्पोत घालून मोहोळ ठाण्याच्या आवारात आणावं लागलं. भोवती शिपाई, तक्रार द्यायला आलेली माणसं, चहावाला. साहेब म्हणाला, “हं, चाचा. फाडून दाखवा.”

शिपायानं चिठ्ठी सोडून चाकू चाचांपुढे धरला. चाचांनी हात मागे घेतले.

“खाली ठेवा, साहेब.”

“का?”

“हातात दिला तर भांडण लागतंय.”

शिपायानं साहेबाकडे पाहिलं, मग चाकू फरशीवर ठेवला. चाचांनी वाकून तो उचलला, उघडला आणि गठ्ठ्यासमोर उकिडवे बसले. मी त्यांना शेकडो गठ्ठे उघडताना पाहिलं होतं. त्या दिवशी पातं खोल गेलं. शिवण सुटली, टॉवेल भसाभस बाहेर आले, आणि वरच्या पांढऱ्या टॉवेलाला चांगली वीतभर चीर पडलेली सगळ्यांना दिसली. तरी लोक हसले. साहेबही हसला, “हे का मोहोळचं पोट!” आणि त्यानं चहा मागवला. मलाही हसू आलं, सुटल्याचं हसू, पण चाचा त्या चिरलेल्या टॉवेलाची घडी घालत बसले होते. मग मला कुणाकडेच बघवेना.

निघताना साहेब आपुलकीनं म्हणाला, “चाचा, दिवस बरे नाहीत. हे असं गळ्यात घालून हिंडू नका. खिशात ठेवत जा.”

चाचांनी विचारलं, “खिशात घावला असता तर, साहेब?”

साहेबानं कप खाली ठेवला आणि आत कुणालातरी हाक मारली.

त्यानंतर ‘झाकलं तर हत्यार’ हे वाक्य आम्ही पुन्हा ऐकलं नाही. अण्णांनी प्लॅस्टिकचा कटर आणून दिला, तो चाचांनी बोटानं बाजूला सारला. वडिलांचा चाकू रात्री बंद गोडाऊनमध्ये टाकून जायलाही ते तयार नव्हते. संध्याकाळी माझ्या टेबलावर त्यांनी तो ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुमच्या पर्समध्ये न्या. सकाळी आणा. तुम्हाला कोण विचारणार न्हाय.”

मी नेऊ लागले. आणि एका संध्याकाळी चौकात मला अडवलंच. महिला शिपाई होती. तिनं पर्स उघडली, डबा बाजूला केला, चाकू वर आला. ती म्हणाली, “भाजीला होय, ताई?” मी म्हटलं, “हो.” तिनं पर्सची चेन स्वतः लावून दिली.

इतक्या सहज! चाचांना सांगू नये असं वाटत होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. ते गठ्ठ्यावर बसून ऐकत होते. “तुमी काय म्हणालात?” “हो म्हणाले.” “ब्येस केलं,” ते म्हणाले. मग तरट गुंडाळता गुंडाळता, “आन् मी खरं सांगत होतो की, ताई.” मला रडू आलं ते मी त्यांना दिसू दिलं नाही.

त्या संध्याकाळी चाकू माझ्या टेबलावर आला नाही. चाचा तो स्वतःच घेऊन गेले. सकाळी आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत चाकू, आणि चाकूशेजारी एक भलाथोरला मुळा, पाल्यासकट. हिरवागार पाला पिशवीबाहेर डोकावत होता.

“भाजीला,” चाचा म्हणाले.

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. शिलाईच्या बायांनी तर टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “चाचा, काकडी आणा की, ती तरी गोड लागते.” तर ते गंभीरपणे म्हणाले, “काकडी पिशवीत बसती, दिसत न्हाय. मुळ्याचा पाला लांबून दिसतोय. दिसलं पाहिजे.” तेव्हापासून रोज मुळा. दुपारी डबे उघडले की चाचा त्याच चाकूनं चकत्या करत, मीठ लावत आणि पहिली चकती स्वतः तोंडात टाकून, डोळे मिटून म्हणत, “लई गोड हाय.” मग ताटली सगळ्यांपुढे फिरायची. पाला मात्र ते कुणाला देत नसत. तो परत पिशवीत, संध्याकाळच्या वाटेसाठी. त्यांना पुन्हा कुणी अडवलं नाही. थंडीत आम्हाला मजा यायची, उन्हाळ्यात मुळे इतके तिखट निघत की ठसका लागे, पण चाचांचा नेम चुकला नाही.

गेल्या वर्षी एकदा पहाटेची, फजरची नमाज पढून ते घरी आले, बाजेवर टेकले आणि गेले. बातमी कळली तेव्हा मी मोहोळच्या बिलावर होते. ते बिल अर्धवटच राहिलं. तिसऱ्या दिवशीच्या जियारतीनंतर मी आणि अण्णा त्यांच्या घरी गेलो. अण्णा बाहेर पुरुषांत बसले, मला चाचीनं आत नेलं. बारीक, गोरी, डोळे रडून सुजलेले. तिनं मला सरबत दिलं, माझा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं,

“ताई, एक विचारू? तुमच्या गोडाऊनमध्ये रोज मुळा कशाला लागायचा?”

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

“रोज पाला घरी यायचा. मुळा न्हाई, नुस्ता पाला. मी शेजारच्या बकरीला घालायची. विचारलं तर हसायचे. आन् त्यांना तर मुळा चालायचाच न्हाई, ताई. वासानं उमळायचं त्यांना. शादी होऊन आले तवापासनं मला घरात आणू दिला न्हाई. मग ह्या वयात कोण खात होतं?”

ती मिटलेल्या डोळ्यांची पहिली चकती, ते ‘लई गोड हाय’, आणि आम्ही हसणारे सगळे. ठाण्यातलंही तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चाचांनी घरात एक शब्द काढला नव्हता, आणि जे त्यांनी सांगितलं नव्हतं ते मी कोण सांगणार?

“आम्ही खायचो, चाची,” मी म्हटलं. “आम्हाला सगळ्यांना आवडायचा, म्हणून आणायचे.”

तिनं माझा हात सोडला आणि पदरानं डोळे पुसले.

“मग ठीक हाय,” ती म्हणाली. “मला उगंच वाटायचं, कुणीतरी त्यांना जबरदस्तीनं चारतंय का काय.”