माझ्या बासचा दुसरा पिकअप

सुरुवातीला खटकलं ते अगदी एवढंसं होतं. तारांचा आवाज उचलणाऱ्या दोन्ही पिकअपचे नॉब फुल केले आणि माझा बास, म्हणजे जाड आवाजाची गिटार, डासासारखा गुणगुणला! मी दचकून नॉबच सोडला. तसं मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, म्हणूनच आमच्या बँडमधले निम्मे किस्से माझ्यावर जमा आहेत. उरलेले निम्मे हर्षाचे.

हर्षा आमची गिटारिस्ट. मढच्या कोळीवाड्यातली. पार्ल्याच्या कॉलेजात आम्ही एकत्र होतो. ती इलेक्ट्रॉनिक्सला, मी सायकॉलॉजीला. पहिल्याच प्रॅक्टिसला माझा अँप घूंऽऽ करायला लागला. मी किंचाळले. तिने शांतपणे माझा हात तारांवर ठेवला. आवाज बंद!

"तुझ्यामुळे अर्थिंग मिळतंय. हात काढू नकोस."

"किती वेळ?"

"गाणं संपेपर्यंत!"

•

दुसरा पिकअप लागला तो तिच्या बहिणीच्या हळदीमुळे. वाजवणार आम्ही, आणि सोबत कोळीवाड्याची बेंजो पार्टी! हर्षा म्हणाली, "त्या बेंजोपुढे तुझा बास बुडणार. ब्रिजजवळ, तारा खाली अडकतात तिथे, अजून एक पिकअप बसवू, धार येईल."

म्हणजे काय, तर बासच्या लाकडात नवा खड्डा! तिने वडिलांची होड्या दुरुस्त करायची पटाशी आणली. मी डोळे मिटले.

"हर्षा, चुकलं तर लाकूड परत उगवत नाही गं!"

"अगं, होडीला भोक पाडायचं नसतं, बासला पाडायचं असतं. एवढं कळतं आमच्या घरात!"

खड्डा असा पडला, की पिकअप बोटाने दाबला आणि टक्कन बसला.

•

हे सगळं मुलुंडला आमच्या बाल्कनीत चाललेलं. आईने भुसा पाहिला आणि थेट पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. हर्षाने पटाशी मागे लपवली.

"काकू, कॅन्सल करा. वाळवी मीच."

•

मला प्रत्येक गोष्टीवर तिचं 'ओके' लागतं. मी मोबाईलवर बास रेकॉर्ड करून क्लिपा पाठवायचे. शेवटी ती वैतागली. "फोनवर बास ऐकू येत नाही, यार! नुसती टकटक येते. अजून एक पाठवलीस तर ब्लॉक!"

•

हळदीच्या दिवशी ती सकाळीच मढला. "फक्त दोन वायरी सोल्डर करायच्यात, तुला जमेल." जमलं! जुना पिकअप एकटा वाजवला, झकास. नवा एकटा, झकास. पण जुन्याला धार नाही, नव्याला पोट नाही. हवे होते दोन्ही एकत्र. आणि एकत्र केले की डास!

वाट लागली. हर्षाला फोन लावला. उचलेना. पुन्हा. उचलेना. सख्ख्या बहिणीची हळद, हिची बासिस्ट मुलुंडमध्ये रडतेय आणि मढला जायला वर्सोव्याची फेरीबोट गाठायचीय! फोन स्पीकरवर टाकून मी वेड्यासारखी तीच तार छेडत राहिले.

खट्. उचलला! मागे बेंजो. माझी बोटं तार छेडतच होती.

"अगं, फोनवर बास ऐकू येतोय!" हर्षा ओरडली. "एका पिकअपच्या वायरी उलट्या जोडल्यास, दोघे एकमेकांचा जाड आवाज खातायत. अदलाबदल कर आणि निघ, इथे हळद वाळतेय!"