सूप वाजवणारी

तिच्याइतकं रीतीचं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही, आणि नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.

पंचावन्न सालच्या सुमारास आमच्याकडे अळी मारायची पावडर नवीनच आली होती. किन्हीराजा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून तिचं तुरीचं वावर होतं. तूर फुलली की मला बैलगाडीवरून ती दोघं दिसायची. नवरा फडक्याच्या पुरचुंडीतून पावडर झटकत यायचा आणि त्याच्या पुढं ती, काटकीनं सूप वाजवत, झाडं हलवत. मधमाश्या उठायच्या, ठिपक्यांचे लाल किडे उडायचे. ते गेल्याशिवाय ती नवऱ्याला पुढं येऊ देत नसे. तो चिडायचा. रस्त्यावरचे लोक हसायचे.

एकदा गाडी थांबवून मी विचारलं, "हे काय करून राह्यली व माय?"

"भांडन अळीसंग हाय," ती म्हणाली. "घर पेटवाचंच असन, त आतल्याइले आधी हाक माराव लागते, भाऊ."

काही वर्षांनी ती त्याच वावरात दिसली. सूप तसंच वाजत होतं, पण झाडांतून काहीच उठत नव्हतं. तरी ती प्रत्येक झाड हलवून थांबत होती. नवरा आता चिडत नव्हता. पुरचुंडी हातात धरून तोही तिच्यामागं वाट पाहत उभा होता.