पंचाला बाहेर काढलं

चष्म्याच्या दुकानात काचा घासून देणाऱ्या एका माणसाला फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सगळे ‘पंच’ म्हणायचे. ग्रुप त्यानेच काढला होता आणि हरलो तरी शिवी द्यायची नाही, हा नियमही त्याचाच. पुढे क्लबचा मालक निवडणुकीला उभा राहिला आणि खेळाडूंच्या जर्सीवर पक्षाचं चिन्ह आलं. पंचाने काम थांबवून लिहिलं, "आपण गोलासाठी ओरडतो, मतांसाठी नाही."

झालं! मोहोळ उठलं. फितूर, विकला गेलेला, काय काय म्हटलं. कुणी तर त्याच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. त्याने प्रत्येकाला ‘आपण’ म्हणतच उत्तर दिलं. संध्याकाळी त्यालाच ग्रुपबाहेर काढलं. काढणारा ॲडमिन त्याचा सख्खा मेव्हणा होता, ज्याला लहानपणी पंचानेच बोट धरून मैदानावर नेलं होतं.

रविवारी मेव्हणा जेवायला आला. "दाजी, मनावर घेऊ नका. ऑनलाइन असं चालायचंच."

"माझ्या आईबद्दल लिहिलेलं तू वाचलंस?"

"वाचलं ना. पण तुमची बाजू घेतली असती, तर माझीही सालटी काढली असती."

"जेवताना कशाला तो विषय?" म्हणत बायकोने भावाला आग्रहाने वाढलं. पंच ताटावरून उठला. त्यानंतर तो कुठल्याच सामन्याला गेला नाही, आणि का येत नाही, हे कुणी विचारलंही नाही.