कपाशी तुडवायला शिकवणारा माणूस

ओबेडाया टार्व्हर खेचरांशी इतक्या हळू बोलायचा की शेजारच्या ओळीत काम करणाऱ्यालाही ऐकू जायचं नाही. त्याची बायको कोरीन चर्चच्या पायऱ्यांवर बायकांना सांगायची, एवढ्या गोड आवाजात हे माझ्याशी बोलले असते तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते. बायका हसायच्या, आणि ओबेडायाही टोपी हातात फिरवत हसायचा. बायकोच्या बाबतीत त्याची चेष्टा चालायची, खेचरांच्या बाबतीत मात्र कोणाची छाती नव्हती. अर्कान्सातल्या सेंट फ्रान्सिस नदीकाठच्या सपाट मुलखात क्रेन्शॉ मळ्यावरच्यासारखी खेचरं नव्हती, आणि ती झाडून सगळी ओबेडायाच्या हाताखालून गेलेली होती.

कपाशीत चालणाऱ्या खेचराला एकच गोष्ट यावी लागते. ओळीवर पाय द्यायचा नाही. दोन ओळींमधल्या पट्ट्यातून नाकासमोर चालायचं, बांधाशी वळायचं आणि पुढच्या पट्ट्यात शिरायचं. ऐकायला सोपं आहे, पण तरण्या खेचराला ते शिकवता शिकवता माणसाचे हात सोलवटतात. इतर मळ्यांवर चाबकाने शिकवायचे. ओबेडायाची रीत वेगळी होती. खेचराचा पाय रोपावर पडला की तो तिथेच थांबायचा, खाली बसून तो पाय दोन्ही हातांनी उचलायचा, खुराला चिकटलेली पानं पुसायचा, पाय पट्ट्यात ठेवायचा आणि मग त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. काय पुटपुटायचा ते त्याने कोणाला सांगितलं नाही. घोड्यावरून फिरणारा गोरा मुकादम स्ट्राउड म्हणायचा, "अरे, तू त्याला शिकवतोयस की बाप्तिस्मा देतोयस?" पण महिन्याभरात ते खेचर डोळे झाकूनही कपाशीतून गेलं असतं.

या सगळ्यांत पर्ल ही पुढची. करड्या रंगाची, एक कान किंचित दुमडलेला. पर्ल जिथे जाईल तिथे बाकीची जायची. सगळी खेचरं मालकाची होती, पर्लही मालकाचीच, पण तिचा गोठा ओबेडायाच्या घरामागे होता आणि ती कोणाची आहे हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

घरही मालकाचंच होतं. उंचवट्यावरची दोन खोल्यांचं लाकडी खोपट, फटींवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. अशा घरांतून आमची, म्हणजे वाट्याने कसणाऱ्या काळ्या कुळांची, माणसं दर जानेवारीत गाडी भरून उठायची आणि दुसऱ्या मळ्यावर तसल्याच घरात शिरायची. ओबेडाया आणि कोरीन मात्र हलले नव्हते, कारण अंगणाच्या कडेला ऑझेल होती. सत्तावीसच्या महापुरात त्यांची ही एकुलती एक मुलगी तापाने गेली. चर्चचं आवार तेव्हा पाण्याखाली होतं, आणि कोरडी जमीन म्हणजे एवढा उंचवटाच. तिथेच खड्डा खणला. ऑझेल ज्या बशीत जेवायची ती बशी, तिचा कप आणि दिव्याची काच कोरीनने रिवाजाप्रमाणे फोडून मातीवर मांडली. चारी बाजूंनी आयरिसच्या फुलझाडांचे कंद लावले.

अंगणालगतच्या भाजीच्या तुकड्यात पर्ल नांगर ओढायला लागली की त्या आयरिसच्या रांगेपाशी आपोआप वळायची. तिच्या लेखी तीही एक ओळच होती. कोरीन ओट्यावरून बघत राहायची. या जनावराला माझी पोर कळते, असं ती एकदा म्हणाली, आणि त्यानंतर पर्लला रोज मक्याच्या भाकरीचा तुकडा मिळू लागला.

तेहतीस साल उजाडलं. कापसाला कोणी विचारेना, गाठी गुदामात कुजत पडल्या होत्या. वॉशिंग्टनला नवीन राष्ट्राध्यक्ष आला होता आणि तो गरिबांचा वाली आहे असं रेडिओ ऐकणारे सांगत होते. कोरीनने वर्तमानपत्रातला त्याचा फोटो कापून मैद्याच्या खळीने चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला. आमच्या निम्म्या घरांत तो तसा चिकटवलेला होता. आजवर राज्य करणाऱ्या कोणाला आम्ही आहोत हेच ठाऊक नव्हतं. याला ठाऊक असावं असं आम्हाला फार मनापासून वाटत होतं, आणि त्यातच आम्ही फसलो.

जुलैत हुकूम आला. कापूस फार झालाय, म्हणून उभ्या पिकातला काही भाग नांगराखाली घालायचा. जो मोडेल त्याला सरकार भरपाई देणार, आणि ती येणार मालकाच्या नावावर. झाडं कमरेएवढी झाली होती, पांढरी-गुलाबी फुलं लागलेली, खाली बोंडं धरलेली. लोकांनी आयुष्यभर ज्या झाडाला जपलं तेच गाडायचं म्हटल्यावर काही म्हातारे शेतात टोप्या काढून उभे राहिले. पण हुकूम राष्ट्राध्यक्षाचा, म्हणजे त्यात आपलं भलंच असणार, असं ओबेडाया सगळ्यांना समजावत फिरला.

नांगर जुंपले आणि तमाशा झाला. खेचरं ओळीवर चढेनात. नांगराचा फाळ ओळीच्या मधोमध घालायचा तर जनावराला झाडांवरून चालायला हवं, आणि ती लगाम ओढला तरी अंग चोरून पट्ट्यात उतरायची. स्ट्राउडने चाबूक काढला. खेचरं ओरडली, मागच्या पायांवर बसली, एकाने जोखड मोडलं, पण झाडावर खूर पडला नाही. आधी माणसं हसली. मग तपासायला येणारा सरकारी माणूस शुक्रवारी येणार म्हटल्यावर कोणी हसेना.

क्रेन्शॉसाहेब स्वतः मोटार घेऊन शेतावर आला. तो ओबेडायाच्या बापाच्या वयाचा नव्हता, मुलाच्या वयाचा होता, तरी ओबेडाया टोपी काढून उभा राहिला.

"तूच शिकवलंस, तूच मोडायचं," साहेब म्हणाला. "पर्ल गेली की बाकीची जातील, बरोबर ना?"

"जातील, साहेब. पण एकदा झाडावर चढली की ती परत कपाशीच्या कामाची राहणार नाही."

"ते माझं मी बघेन. तुला काय हवं ते बोल."

ओबेडायाने आयुष्यात मालकाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याने घर मागितलं. पैसा नको, फक्त आम्हा दोघांना मरेपर्यंत त्या उंचवट्यावर राहू द्या, पोरीची जागा तिथे आहे, असं तो म्हणाला.

"एवढंच? दिलं," साहेब म्हणाला. "मी या मळ्यावर आहे तोवर त्या जागेला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द." आणि त्याने चक्क हात पुढे केला. गोऱ्या माणसाने हातात हात दिला, हे ओबेडायाने संध्याकाळी कोरीनला दोनदा सांगितलं.

पर्लला घेऊन तो टोकाच्या शेतात गेला. आधी हळू बोलून पाहिलं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पट्ट्यात नीट उभी राहिली, शाबासकीची वाट बघत. त्याने तिच्या डोळ्यांवर गोणपाट बांधलं, पण पानांच्या वासाने तिला कळलं आणि ती हलेना. मग त्याने स्ट्राउडच्या हातातला चाबूक घेतला आणि पर्लवर ओरडला. आम्ही कोणी त्याचा तसला आवाज ऐकला नव्हता. घरात भांडी घासत असलेल्या कोरीनला वाटलं, शेतात कोणी परका माणूस भांडतोय.

"हाऽऽ पर्ल! चल! चल म्हणतो ना!"

त्या आवाजाला ती घाबरली की चाबकाला, देव जाणे. मान खाली घालून, थरथरत ती कपाशीवर चढली आणि झाडं मोडत सरळ चालत सुटली. थांबली की तो ओरडायचा, ओरडला की ती पुढे जायची. दुपारनंतर चाबूक लागलाच नाही, आवाजावर भागलं. संध्याकाळपर्यंत मागून बाकीची खेचरं निघाली होती. शुक्रवारी सरकारी माणसाने उलथलेली माती बघितली, मान डोलावली आणि तो क्रेन्शॉसाहेबाकडे जेवायला गेला.

त्या रात्री ओबेडाया जेवला नाही. कोरीनने काकवी वाढली, ती तशीच राहिली.

"जनावरच आहे ते, टार्व्हर," ती म्हणाली. "विसरेल."

"ती नाही विसरायची," तो म्हणाला. "मी शिकवलेलं कोणी विसरत नाही."

आणि खरंच, ती विसरली नाही. उरलेल्या कपाशीत कोळपायला नेली तर ती ओळी तुडवत जायची. ओबेडाया तिला हळू आवाजात बोलवायचा तेव्हा ती कान टवकारायची, पण आता त्या आवाजावर तिचा भरवसा उरला नव्हता. तो कधी चुकून कोणालाही जोरात हाक मारायचा, तर पर्ल मान खाली घालून समोर असेल त्यावरून चालू लागायची. एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावरून गेली. स्ट्राउडला याची फार मजा वाटायची. ओबेडायाने बोलणंच कमी केलं.

सरकारी भरपाई आली आणि तिच्यातून मळ्यावर ट्रॅक्टर आला. लाल रंगाचा, नवाकोरा. कापूस कमी पेरायचा आणि ट्रॅक्टरने पेरायचा म्हटल्यावर एवढ्या माणसांचं काय करायचं, हा हिशेब कोणालाही जमण्यासारखा होता. वॉशिंग्टनच्या कागदात म्हणे लिहिलं होतं, कुळांना शक्यतो हलवू नये. त्या एका 'शक्यतो' शब्दातून नदीकाठची घरंच्या घरं रस्त्यावर आली. ख्रिसमस झाल्यावर स्ट्राउड घोड्यावरून उंचवट्यावर आला, उतरला नाही, आणि घर खाली करायला सांगून गेला. ओबेडायाने साहेबांच्या शब्दाची आठवण दिली. साहेब मेम्फिसला आहेत, स्ट्राउड म्हणाला, आणि त्यांनी मला काही सांगितलेलं नाही.

"त्यांनी हातात हात दिला होता, बॉस."

"मग तो हात घेऊन जा बरोबर," स्ट्राउड म्हणाला.

ओबेडाया कितीतरी वेळ चुलीजवळ बसून भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. राष्ट्राध्यक्षांना हे ठाऊक नसणार, तो म्हणाला, कोणीतरी त्यांना सांगायला हवं.

"कोण सांगणार?" कोरीन म्हणाली. "पर्ल?"

जायच्या दिवशी सकाळी ओबेडाया भावाकडून आणलेल्या गाडीवर खाट बांधत होता. अंगण आणि भाजीचा तुकडा शेतात घ्यायचा होता, पण त्या चिंचोळ्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळेना. कोपऱ्यासाठी स्ट्राउडने पर्लला आणलं. नांगरावर ज्युनियस नावाचा रोजंदारीवरचा पोरसवदा माणूस होता, या मळ्यावर नवखा. कोरीनने त्याला जाऊन सांगितलं, त्या आयरिसच्या पलीकडे माझी मुलगी आहे. तो टोपी काढून हो म्हणाला. वाईट नव्हता तो.

पण फेरी घेत पर्ल आयरिसच्या रांगेशी आली तेव्हा वळली नाही. थंडीने झोपलेली ती पानं तिच्या दृष्टीने आता चुकवायची ओळ नव्हती. ज्युनियसने लगाम मागे ओढला. ती घुटमळली. एक पाय पानांत, एक बाहेर, अशी ती उभी राहिली. तेवढ्यात ओबेडायाची नजर तिकडे गेली.

तो धावत सुटला. हळू बोलायचं त्याला सुचलं नाही. स्वतःच्या मुलीच्या छातीवर खूर पडताना बघून कोणाला सुचेल?

"पर्ल!" तो ओरडला. "पर्लऽऽ! थांब!"

आवाज ऐकताच तिने मान खाली घातली आणि ती चालू लागली. तो जितका मोठ्याने ओरडला तितकी ती पुढे गेली. लगाम ज्युनियसच्या हातातून सुटला, आणि मागचा फाळ बशी, कप, दिव्याची काच सगळं मातीत ओढत पार गेला. बांधाशी पोचून ती थांबली आणि मागे वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली. शिकवलेलं तिने बरोबर केलं होतं.

ओबेडाया मातीत बसला होता. कोरीन आली, पण तिने त्याला उठवलं नाही. तिने नांगरटीतून बशीचे तुकडे वेचून ॲप्रनमध्ये घेतले. सगळे सापडले नाहीत. राष्ट्राध्यक्षाचा फोटो भिंतीवरच राहिला, तो काढायचं दोघांपैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारीत ती दोघं नदीपलीकडच्या एका मळ्यावर काम मागायला उभी राहिली. तिथला मुकादम घाईत होता. त्याने ओबेडायाचे हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, खेचरं शिकवता येतात का, इथे तसा माणूस हवाय, त्याला घरही मिळेल.

"नाही, साहेब," ओबेडाया म्हणाला. "ते मला येत नाही."

कोरीन मागेच उभी होती. मुकादमाने त्याला एक फावडं दिलं आणि चर खणणाऱ्यांच्या रांगेत पाठवलं.